तरफेची तार

ब्रातविका, ४ सप्टेंबर १९८६

प्रिय ओदनी,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुला वाटेल कुणी गेलं. कुणी गेलेलं नाही. आत्या ठणठणीत आहे, होडीघराचं छप्पर अजून टिकून आहे, मीही.

सोबत टेपचं एक रीळ आहे. दार बंद करून, चांगले हेडफोन लावून ऐक, आणि जे जे ऐकू येईल ते क्रमाने लिहून पाठव. बाबा आपल्याला होडीघराच्या उंबऱ्यावर बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे, ‘काय काय आलं?’ तसं. पाणी, दोर, कावळा, शेजारणीचा खोकला, एवढ्यावर माझी यादी संपायची. तुझ्या यादीत शेवटी नेहमी एक गोष्ट जास्त असायची. मला ती ऐकूच आलेली नसायची. तू जिंकायचीस.

कशासाठी ते विचारू नकोस. म्हणजे विचार, पण आधी ऐक.

कामाचंच आहे. बोटीवरचं नव्हे, दुसरं. रेडिओने माझ्याकडे एक रचना मागितली आहे, नुसत्या आवाजांची. फेरीबोटीच्या इंजिनघरातून मी काही वर्षं आवाज जमवतो आहे, दाढीच्या पात्याने टेप कापतो, चिकटवतो. त्यांच्यातल्या कुणीतरी ते ऐकलं. वसंतापर्यंत द्यायची आहे. गाउतेला रेडिओ विचारतो, हे वाचून तू हसशील. हस.

मी अजून त्याच बोटीवर आहे, ब्रातविका ते स्यूनेस आणि परत. दोन आठवडे बोटीवर, दोन आठवडे घरी. घरचे आठवडे होडीघरात, टेपांपाशी जातात. जायचे. सध्या जमत नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस आजारी पडला आहे आणि त्याच्या जागीही मीच उभा राहतो. झोपायलाही बोटीवरच असतो. होडीघराला कुलूप आहे. म्हणजे बाबांच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात तू म्हणालीस तेच झालं असं समज. ‘गाउते संगीताला उरलंसुरलं घालतो.’ मी काय म्हणालो तेही तुला आठवत असेल. तेव्हापासून आपण बोललेलो नाही, तर आता त्या टेबलापाशी परत जायला नको.

घाई नाही. पण या आठवड्यात ऐकलंस तर बरं.

गाउते


बोटीवरून, १७ सप्टेंबर

प्रिय ओदनी,

कार्ड मिळालं. गुनवोरने आणून दिलं. गुनवोर आमचं कँटीन चालवते, तव्यावर जाड, गोड स्वेले भाजते, आणि टपालाच्या पिशवीत कुणाला काय आलं हे पोस्टाच्या आधी तिला कळतं.

‘बर्गनहून. बाईचं अक्षर,’ ती म्हणाली. ‘सापडली वाटतं कुणीतरी एकदाची.’

‘बहीण आहे.’

‘तुला बहीण आहे?’ तिने उलथनं खाली ठेवलं. ‘इतकी वर्षं माझ्या हातचं खातोस आणि बहीण लपवून ठेवतोस? आणखी काय काय लपवलंयस रे?’

तुझी यादी मी तव्याशेजारी उभ्यानेच वाचली. इंजिन, मंद. पाणी, लोखंडी भिंतीच्या पलीकडे. वर गाड्या चढताहेत, त्यातला एक ट्रक, मागचं चाक लंगडं. साखळी. कुणीतरी बेसूर शीळ घालतंय. (तो टोरलाइफ, आमचा मुख्य इंजिनियर. त्याला हे सांगणार नाही.) आणि सर्वांत शेवटी: ‘मायक्रोफोनच्या अगदी जवळ एक माणूस श्वास घेतोय. कपाटात लपल्यासारखा. तो तू आहेस. कशाला घाबरलायस?’

मी घाबरलेलो नाही. मायक्रोफोन हातात होता म्हणून श्वास आला.

मी वेगळंच शोधत होतो. डावीकडून येणारा एक बारीक सूर. फार वरचा, सरळ, जराही न थरथरणारा, पेल्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवल्यासारखा. तुझ्या यादीत तो नाही. कारण मला आता कळलं, आणि ते इतकं मूर्खपणाचं आहे की तुलाच सांगता येईल. ध्वनिमुद्रण स्वच्छ यावं म्हणून मी ते बोट धक्क्याला लागलेली असताना केलं. आपल्या धंद्याची खोड. धक्क्याला पाण्यातल्या पंख्याचा शाफ्ट जवळजवळ थांबलेला असतो. ज्याचा आवाज हवा होता तेच फिरत नव्हतं. नंतर चालत्या बोटीत पुन्हा केलं, तर टेपवर एकसंध गोंगाट आला, त्यात काहीही असू शकेल आणि काहीही नसू शकेल.

तो सूर टोरलाइफलाही ऐकू येतो. आमचं त्यावर बोलणं होतं. तो म्हणतो शाफ्टचं बेअरिंग असेल, बघू. चिंतेचं काही नाही. फक्त रचनेत तो मला नको आहे, म्हणून विचारलं.

तुझं कसं चाललंय ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारलं नव्हतं. आता विचारतो.

गाउते


बोटीवरून, २ ऑक्टोबर

प्रिय ओदनी,

तुझं पत्र दोन ओळींचं आहे आणि मी ते खिशात घेऊन फिरतो आहे. ‘तो सूर टोरलाइफला येत असेल तर माझे कान कशाला हवेत? होडीघरात जा, सगळं बंद कर, बस, आणि काय ऐकू येतं ते मला लिही.’

टोरलाइफला येत नाही.

मी त्याला ऑगस्टमध्येच विचारलं होतं. इंजिन बंद होतं, तो डबा उघडून बसला होता.

‘तुला काही वेगळं ऐकू येतं का, बोट चालू असताना?’

‘तुझी बडबड.’

‘शाफ्टकडून. बारीक.’

मला बरं वाटावं म्हणून त्याने चघळणं थांबवलं, मान तिरकी केली. शाफ्ट थांबलेला आहे हेही त्याच्या लक्षात आलं नाही. ‘पोरा, उभा जन्म या खोलीत गेला. मला माझी बायकोसुद्धा ऐकू येत नाही.’ मग हसला. ‘ते एक सुख आहे म्हणा.’

तरी पुढच्या फेरीला त्याने बेअरिंगवर तळहात ठेवून पाहिला. मलाही ठेवायला लावला. गार होतं.

‘बघ,’ तो म्हणाला. ‘तुझ्या टेपांचं खूळ आहे हे. दिवसभर या आवाजात राहायचं आणि सुट्टीत तोच पेटीत भरून घरी न्यायचा. डोक्याने काय करायचं?’

आणि दुसऱ्या पाळीचा माणूस आजारी नाही. त्याचं नाव आस्मुंड, तो धडधाकट आहे, माझ्यावर खूश आहे. माझे घरचे आठवडे मी त्याला देऊन टाकले. इंजिनापासून लांब गेलो तर शांतता असेल, आणि शांततेत तो सूर असला तर? इथे निदान दोन शक्यता आहेत, शाफ्ट किंवा माझे कान. झोपतो तेव्हाही जनरेटर चालू असतो, उशीखाली रेडिओ असतो. वर्षानुवर्षं मी वेळ मागत होतो, ओदनी. वेळ मिळाला की हे करीन, ते करीन. आता आख्खे आठवडे हातात आहेत आणि मी ते दुसऱ्याला वाटतो आहे.

होडीघरात बसूनही काही सिद्ध होणार नाही, असंही मी स्वतःला सांगतो. पाळी संपल्यावर आमच्या सगळ्यांच्याच कानांत इंजिन उरतं. ते किती दिवस उरतं आणि कधी जायचंच थांबतं, हे कुणी सांगत नाही.

नोकरीची भीती नाही. बहिरा माणूस इंजिनघराला चालतो. इंजिनघरं बहिऱ्यांनीच भरलेली आहेत. पण जो माणूस टेपचे दोन तुकडे जोडताना मधली शांतता ऐकतो, त्याच्या शांततेतच जर रेघ पडली असेल, तर तो काय जोडणार? नोव्हेंबरात कंपनीच्या डॉक्टरकडे कानांची तपासणी आहे. एका जाड दाराच्या खोलीत बसवतात. मला त्या दाराची स्वप्नं पडतात.

आता हे लिहितो आणि मग पाकीट लगेच बंद करतो. परवा शाळेची बस चढली. पोरं काचांना नाकं लावून बसली होती. त्यांच्यामागे पाववाल्याची गाडी, मग आत्याची डॉक्टरीण. मी खाली गेलो, शाफ्टपाशी उभा राहिलो आणि म्हणालो, तूच अस. तूच फुटलेला अस, मी नको.

मोठ्याने म्हणालो. इंजिनघरात कुणाला ऐकू येत नाही.

गाउते


बोटीवरून, ११ ऑक्टोबर

प्रिय ओदनी,

बाबांचं फिडल आलं.

बर्गनच्या बसने आलं, आणि बस आमच्याच बोटीवर चढली. ड्रायव्हर पेटी दोन्ही हातांवर घेऊन रॅम्पवरून चालत आला. ‘बर्गनच्या बाईने मला शपथ घातली,’ तो म्हणाला. ‘सामानात ठेवायचं नाही, मांडीवर ठेवायचं. सांग तिला, वळणावळणाचा रस्ता मी हे मांडीवर घेऊन चालवला. प्रवासी माझ्याकडे बघत होते.’

गुनवोर हात पुसत बाहेर आली. ‘कुणाचं बाळ?’

‘बाबांचं,’ मी म्हणालो.

पेटी उघडली तेव्हा तोच वास आला. राळ, आणि बाबांच्या कोटाचा. वरच्या चार तारा, खाली तरफेच्या, न छेडता आपसूक गुंजणाऱ्या, सगळ्या नव्या घातलेल्या. तू वाजवतेस, ते लाकडावरून कळतं. बाबांनी हे तुला दिलं, ‘जिच्याकडे वेळ आहे तिला,’ आणि मी त्या शब्दांवर किती काळ रागावून होतो. तू ते पेटीत घालून बसने पाठवून दिलंस. मी मागितलंही नव्हतं.

तुझी चिठ्ठी तारांमध्ये खोचलेली होती. ‘तार घाबरत नाही. तरफेची एक तार तुझ्या सुरात लाव. तिच्यावर दुमडलेल्या कागदाचा चिमटा बसव, शेजारच्या तारांवरही बसव. शाफ्टपाशी घेऊन जा, बोट भरलेली असताना. सूर जगात असेल तर ती एकटी हलेल. पोरांबद्दल लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. मोठ्याने म्हणालास हे बरं केलंस. आता जा.’

चार तरफेच्या तारा आहेत, पाचवी असती तर बरं झालं असतं, असं बाबा म्हणायचे. मला एकच हवी आहे.

काल जायचं होतं. काल समुद्र चढलेला होता, हलणाऱ्या बोटीत कागद असाही हलला असता. आज सकाळपासून पाणी सपाट आहे. आज कप्तान घाईत होता. मग आस्मुंड प्रवासी म्हणून चढला आणि बोलत बसला. मग जेवण.

गुनवोर आत्ता डोकावून गेली. ‘ते खोकं उराशी धरून बसलायस सकाळपासून. वाजव तरी, नाहीतर पुरून टाक.’

उद्या.

गाउते


स्यूनेस, १४ ऑक्टोबर

ओदनी, बोट आहे! बोट!

नीट लिहितो.

सकाळची भरलेली फेरी होती. शाळेची बस, दोन ट्रक, बाकी गाड्या खेटून. पाणी काचेसारखं. फिडल ब्लँकेटात गुंडाळून मी शिडीवरून खाली उतरलो. तो सूर नेहमीसारखा डावीकडे होता. तार तितकी वर जाणार नव्हती, म्हणून दोन सप्तकं खाली लावली. स्वतःच्या वरच्या सुरांनाही तार जागी होते, तुला सांगायला नको. इंजिनाच्या गोंगाटात मी ती दाताने लावली. दात लाकडाला टेकवून, खुंटी पिळत, डावीकडचा सूर आणि हाडातला सूर एक होईपर्यंत. मग कागद. तुझ्याच चिठ्ठीच्या कडा फाडल्या. चार तारांवर चार चिमटे. ब्लँकेट बेअरिंगच्या बाजूच्या लोखंडावर पसरलं, त्यावर फिडल ठेवलं आणि हात काढला.

काहीही हललं नाही.

मी बघत राहिलो. चारही कागद बसले होते, तारेवर चिमण्या बसतात तसे. वाटलं, झालं. कळलं. आता वर जाऊन स्वेले खायची. वसंतात रेडिओला नाही म्हणायचं. टेपा आस्मुंडच्या पोरीला द्यायच्या, तिला गाणी भरायला होतील.

मग मी फिडल उचलायला वाकलो आणि दिसलं की चिमटा मी तारेच्या बरोब्बर मधोमध बसवला होता. नीट मध्यावर, शिस्तीत. बाबांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट: तारेच्या मध्याला नुसतं बोट टेकवलं तरी वरचा सूर वाजत राहतो, कारण त्या सुरात मध्य हलतच नाही. सात वर्षांच्या पोराला माहीत असतं. मी कागद अंगठ्याएवढा बाजूला सरकवला.

तो नाचायला लागला. मी हात काढायच्या आतच. दोनदा उडाला आणि पडला. शेजारचे तीन बसलेलेच.

मी तो परत बसवला. परत पडला.

टोरलाइफ तेवढ्यात आला. इंजिनघरात ब्लँकेटावर फिडल आणि समोर गुडघ्यावर मी. त्याने माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून विचारलं, ‘मैफल कधी सुरू होणार?’

मी कागद बसवला. तो पडला. टोरलाइफने स्वतःच्या जाड बोटांनी कागद उचलला, स्वतः बसवला. पडला. मग तो फिडल घेऊन इंजिनघराच्या दुसऱ्या टोकाला गेला, लहान मूल नेतात तसं. तिथे कागद बसून राहिला. परत शाफ्टपाशी आणलं. पडला.

त्याचा चेहरा मी इतकी वर्षं पाहतो आहे. असा कधी पाहिला नव्हता. त्याने बेअरिंगवर तळहात ठेवला आणि या वेळी लगेच उचलला.

शिडी चढून तो कप्तानाकडे गेला, मी मागे.

‘स्यूनेसला थांबायचं. आणि तिथवर हळू. बेअरिंग गेलंय.’

‘कोण म्हणतं?’

‘फिडल.’

‘कोण?’

‘फिडल म्हणतंय,’ टोरलाइफ म्हणाला. ‘आणि मीही म्हणतो. वेग कमी कर.’

स्यूनेसला आम्ही सगळ्यांना उतरवलं आणि रॅम्पवर साखळी लावली. गाड्यांची रांग लागली, पाववाला शिव्या घालत होता, ‘माझा पाव कुणाच्या मयताला नेऊ?’ म्हणत होता. आम्ही बेअरिंगचं झाकण काढलं. आतला मऊ धातू तडकून सुटला होता. टोरलाइफने आत बोट फिरवून बाहेर काढलं, त्यावर करड्या कपच्या होत्या. तो कुणाला न सांगितल्यासारखं म्हणाला, फ्योर्डच्या अरुंद तोंडाशी, ओहोटीच्या ओढीत, शाफ्ट आवळला गेला असता तर. मग बोट पुसलं.

मला लाज वाटायला हवी होती. मी हेच मागितलं होतं. पण ओदनी, मी हसत होतो. हसू थांबत नव्हतं. गुनवोरने तपकिरी चीज दुप्पट घालून एकामागून एक स्वेले समोर ठेवल्या. कप्तान म्हणाला, या कानांचा विमा उतरवा. टोरलाइफ सगळ्यांना कागद कसा पडला ते हातवारे करून दाखवत होता. पाववाल्यानेसुद्धा शेवटी एक पाव दिला.

बोट गोदीत जाणार आहे. मला सुट्टी आहे, खरी सुट्टी. उद्या घरी जातो आणि होडीघराचं कुलूप काढतो. रचना सुरू. तो सूर आता मला रचनेतही हवा आहे.

माझे कान शाबूत आहेत. हे मी कागदावर लिहून बघतो आहे.

गाउते


ब्रातविका, २९ ऑक्टोबर

प्रिय ओदनी,

तुझं अभिनंदनाचं कार्ड दारात पडलेलं आहे. उत्तराला उशीर झाला.

आधी पहिले काही दिवस मी कानांना विसावा दिला. पाळीनंतर द्यावाच लागतो. आत्याकडे गेलो, लाकडं फोडली, तिच्याकडचा टीव्ही दिवसभर चालू होता. मग छपराची एक फळी बदलली, हातोडीने. मग टेप मशीन साफ केलं, त्याच्या पंख्याचा आवाज बरा असतो. तू ओळखलं असशील. तू श्वासावरून ओळखतेस.

परवा दुपारी आत्या म्हणाली, ‘तू टीव्ही बघत नाहीस, नुसता चालू ठेवतोस. घरी काय आहे तुझ्या, भूत?’

म्हणून गेलो. होडीघरात मशीन बंद केलं. शेगडी विझवली. घड्याळ बाहेर दगडावर ठेवलं. वारा नव्हता. समुद्र इतका सपाट होता की किनाऱ्याला लागतानाही आवाज करत नव्हता. उंबऱ्यावर बसलो आणि डोळे मिटले.

डावीकडे होता. तसाच. न थरथरणारा.

मी उठलो आणि फिडल काढलं. तार अजून त्याच सुरात होती, तपासली, केसभरही उतरलेली नव्हती. फिडल टेबलावर ठेवलं. कागद बसवला, या वेळी बाजूला, जिथे बसवायला हवा तिथे. माझ्या श्वासाने हलू नये म्हणून तोंडावर हात धरला.

सूर चालू होता आणि कागद बसून होता. उन्हाचा पट्टा टेबलावरून पलीकडे गेला तरी बसून होता.

शाफ्टने तो मला दिला, की शाफ्टच्या आधीपासूनच तो माझ्याकडे होता, आणि बोटीतल्या सुराने माझ्या सुरामागे काही दिवस आसरा घेतला, हे मी ठरवत बसलो होतो. आता ठरवत नाही. बोटीवरच्या माणसांना बोटीतला आणि कानातला, दोन्ही एकाच वेळी असू शकतात हे सुचलं नाही, मलाही नाही. ते अजून मला भेटले की स्वतःच्या कानाला बोट लावून दाखवतात आणि हसतात. मीही लावतो.

तपासणीला जाणार आहे. ते जाड दार लागलं की जे आहे ते सांगेन. काल टोरलाइफकडे गेलो आणि हिवाळाभर घरी राहायचं म्हणालो. का ते त्याने विचारलं नाही. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला, ऐकू न येणारी माणसं बघतात तसं, आणि मग म्हणाला, ‘राहा. आस्मुंडचं देणं फिटू दे.’ बाहेर पडताना त्याने कानांवरची नवी झाकणं माझ्या हातात कोंबली. गोदीतून आणली होती. स्वतःसाठी आणली नव्हती.

रात्री झोप नसते आणि दिवसा हात गार असतात. हे चांगलं होणार नाही, वाढूही शकेल, मला ठाऊक आहे. पण होडीघर उघडं आहे. कापलेल्या टेपांचे तुकडे खिळ्यांवर टांगले आहेत, अख्खी भिंत भरली आहे, आणि मी रोज सकाळी इथे येतो. कुणाला वेळ देऊन टाकलेला नाही. खालचे आवाज मला अजून नीट लागतात. वरच्यांवर आता भरवसा नाही, ते तू ऐक. रचनेवर दोघांचं नाव घालू, जमलं तर. जमलं तर ये.

सोबत रीळ आहे. त्यावर विशेष काही नाही. मी वरची तार माझ्या सुराच्या दोन सप्तकं खाली लावली, तिच्या पाव लांबीवर नुसतं बोट टेकवलं, म्हणजे तार थेट त्या उंचीवर बोलते, आणि गज ओढला. जितका हळू ओढता येईल तितका. तो फिडलमधून आला तेव्हा पहिल्यांदाच तो माझ्या बाहेर होता. आता तुलाही तो माहीत असेल. जगात आणखी एका माणसाला माहीत असावा एवढंच.

दार बंद कर, हेडफोन लाव. शेवटी मी गज उचलतो. त्यानंतरही टेप मी चालूच ठेवली आहे. पाणी येईल, दोर येईल, कदाचित कावळा. माझा श्वास येईल, तो तू ओळखशील. सगळं क्रमाने लिही.

आणि शेवटची ओळ रिकामी सोड. या वेळी ती माझ्याकडे आहे.

गाउते